मोठ्या मोटरहोममधून ओरेगॉनचा किनारा: मार्ग कसा आखावा

मोटरहोम, म्हणजे झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, ताब्यात आली की आधी तीन आकडे कागदावर लिहून ड्रायव्हरसमोर चिकटवा: लांबी, उंची, रुंदी. लांबी मोजताना मागे लावलेला सायकलचा स्टँड धरायचा आणि उंचीत छपरावरचा एसी. भाड्याने मिळणारी ३० फुटी क्लास सी गाडी (व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेलं मोटरहोम) साधारण १२ फूट उंच असते. तिची रुंदी साडेआठ फूट, पण दोन्ही आरसे धरले तर दहाच्या आसपास जाते. अमेरिकेत पाट्या फुटांत आणि मैलांत असतात, त्यामुळे डोक्यातही फूटच ठेवा. ऐन पुलाखाली मीटरचे फूट करत बसायला वेळ मिळत नाही.

हा आराखडा ३० फुटांच्या गाडीसाठी आहे. पोर्टलँडजवळच्या हिल्सबरो-बीव्हर्टनकडची मराठी कुटुंबं, किंवा भारतातून आलेल्या आईबाबांना समुद्र दाखवायला निघालेले लोक, बहुतेक याच आकाराची गाडी घेतात. पहिल्यांदाच एवढी मोठी गाडी चालवणार असाल तर कॅलिफोर्नियातला बिग सरचा रस्ता सोडा आणि ओरेगॉनला या. इथे यूएस १०१ हा महामार्ग ३६३ मैल किनाऱ्याच्या कडेने जातो, बराचसा रुंद आहे, आणि १९६७ च्या कायद्यामुळे वाळूचा सगळा किनारा लोकांसाठी खुला आहे.

दिशा: उत्तरेकडून दक्षिणेकडे

गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालते, म्हणून दक्षिणेकडे जाताना समुद्र उजव्या हाताला येतो. बघण्यासाठी थांबायच्या जागा बहुतेक त्याच बाजूला आहेत. उत्तरेकडे परत येताना त्याच जागांसाठी समोरची रहदारी कापून डावीकडे वळावं लागतं, आणि ३० फुटांची गाडी ती लेन पार करायला किती वेळ घेते ते पहिल्या वळणावरच कळतं. शिवाय उन्हाळ्यात दुपारी वायव्येचा वारा जोरात सुटतो. तो पाठीशी असलेला बरा.

पोर्टलँडहून ॲस्टोरियाला यूएस ३० ने जा, सुमारे ९७ मैल. यूएस २६ जवळचा वाटतो, पण तो डोंगररांग ओलांडतो. ३० बराचसा कोलंबिया नदीच्या कडेने जातो. गाडीचा अंदाज यायला पहिल्या दिवशी असाच रस्ता हवा.

आधी रात्री ठरवा, मग दिवस

इथे बहुतेकांची चूक होते. प्रेक्षणीय स्थळांची यादी करून मग मुक्काम शोधला, तर जुलै-ऑगस्टमध्ये जागाच उरलेली नसते. ओरेगॉन स्टेट पार्कचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं. जागा निवडताना त्या विशिष्ट साइटची (गाडी लावायच्या जागेची) कमाल लांबी बघा. एकाच पार्कात एक साइट २५ फुटांची आणि शेजारची ५० ची असू शकते. ‘फुल हुकअप’ म्हणजे पाणी, वीज आणि सांडपाण्याची जोडणी तिन्ही. ‘इलेक्ट्रिकल’ म्हणजे पाणी आणि वीज, सांडपाणी डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी, जाऊन सोडायचं.

दिवसाला जास्तीत जास्त शंभर मैल धरा. १०१ वर गावं, वळणं आणि थांबे मिळून सरासरी ताशी ३५ मैल पडते, म्हणजे शंभर मैलांना तीन तास. या हिशेबाने सात रात्री अशा बसतात:

- फोर्ट स्टीव्हन्स, दोन रात्री. गाडी हलवायची नाही. पार्कात सायकलचे पक्के रस्ते आहेत आणि १९०६ साली वाळूत रुतलेल्या ‘पीटर आयरडेल’ जहाजाचा सांगाडा सायकलने गाठता येतो.
- नेहालेम बे, एक रात्र. सुमारे ४५ मैल.
- न्यूपोर्टजवळ साउथ बीच, दोन रात्री. ९५ मैल, या आठवड्यातला किनाऱ्यावरचा सगळ्यात लांब दिवस.
- फ्लॉरेन्सच्या दक्षिणेला हनीमन, एक रात्र. ५० मैलांच्या आसपास. पार्कातच वाळूच्या टेकड्या आणि तळं.
- बँडनजवळ बुलर्ड्स बीच, एक रात्र. ७० मैल.

अंधार पडायच्या आत पोहोचा. झाडांच्या कमानीखाली ३० फुटांची गाडी अंधारात मागे घेणं हा घटस्फोटाचा खात्रीचा मार्ग आहे. समुद्राकाठच्या फक्त दिवसा वापरायच्या पार्किंगमध्ये रात्रीची झोप चालत नाही, म्हणून ‘कुठेतरी लावू’ हा बेत नको.

कुठे जायचं नाही

साध्या फोनच्या नकाशाला तुमची उंची-लांबी माहीत नसते. जवळचा म्हणून तो कुठलाही रस्ता सुचवेल. आरव्हीसाठीचं (मोटरहोमसारख्या गाड्यांसाठीचं) जीपीएस वापरा, आणि तरीही पुढच्या जागा आधीच बाद करून ठेवा.

इकोला स्टेट पार्कचा रस्ता अरुंद आणि वळणाचा आहे. कॅनन बीचचा २३५ फुटी हेस्टॅक रॉक बघायला तिथे जायची गरज नाही. सकाळी नऊच्या आत गावाच्या दक्षिण टोकाला टोलोव्हानाला गाडी लावा आणि वाळूवरून चालत जा. टिलामुकहून फुटणारा थ्री केप्सचा रस्ता सुंदर आहे, पण तो लहान गाडीसाठी ठेवा. तुम्ही १०१ सोडू नका, टिलामुकच्या चीज कारखान्याच्या मोठ्या पार्किंगमध्ये गाडी सहज मावते. डेपो बेजवळचा ऑटर क्रेस्ट लूपही वगळा. केप पर्पेचुआच्या माथ्यावर जाणारा चढ अरुंद आहे, म्हणून गाडी खालीच ठेवून समुद्राकडच्या वाटेने थॉर्स वेल या खडकातल्या विवराकडे जा. भरतीच्या वेळी गेलात तरच त्या विवरातून पाणी उसळताना दिसेल, मात्र कडेपासून लांब उभे राहा. हेसेटा हेडच्या दीपगृहाचं पार्किंग पुलाखाली, अडचणीचं आहे. तोच देखावा बोगद्यातून बाहेर आल्यावर दक्षिणेकडच्या थांब्यावरून अधिक चांगला दिसतो, आणि तो थांबा तुमच्या उजव्या हाताला येतो.

बोगद्यांबद्दल एक लक्षात ठेवा. आर्च केपच्या बोगद्याबाहेरचे दिवे लुकलुकत असतील तर आत सायकलस्वार आहे, त्यानेच बटण दाबलेलं असतं. वेग कमी करा आणि आत त्याला ओलांडू नका.

न्यूपोर्ट आणि कूस बे इथले मोठे पूल १९३६ सालचे आहेत. लेन आजच्या मानाने अरुंद आणि वरून आडवा वारा. पूल यायच्या आधीच वेग उतरवा, दोन्ही हात स्टिअरिंगवर. समोरून मोठा ट्रक येऊन गेला की गाडी हलते, तेव्हा झटक्याने स्टिअरिंग फिरवू नका.

गाडीची शेपूट

३० फुटी गाडीत मागच्या चाकांच्या मागे जवळपास दहा फूट भाग लोंबत असतो. तुम्ही डावीकडे वळलात की तो भाग उजवीकडे फेकला जातो. खरचटण्याचे बहुतेक प्रकार पेट्रोल पंपावर याच कारणाने होतात: पेट्रोल भरून निघताना लगेच स्टिअरिंग पंपाच्या उलट बाजूला फिरवलं जातं आणि शेपूट खांबाला घासते. गाडीचं मागचं टोक खांबाच्या पुढे जाईपर्यंत सरळ जा, मगच वळा. उजवीकडे वळताना उलट अडचण असते, मागची चाकं फुटपाथवर चढतात. चौकात नेहमीपेक्षा पुढे जाऊन मग वळवा.

पंपावर हिरवा नोझल बहुधा डिझेलचा असतो. भाड्याची क्लास सी बहुतेक वेळा पेट्रोलवर चालते, आणि भारतातून आलेला हात सवयीने हिरव्याकडे जातो.

उतारावर टो-हॉलचं (गिअर खालचा धरून ठेवणारं) बटण दाबून खालच्या गिअरात या. ब्रेकवर सतत पाय ठेवला तर ते तापतात, जळका वास येतो आणि मग पकडत नाहीत. मागे गाड्या साचल्या की पुढच्या टर्नआउटमध्ये (मागच्यांना वाट द्यायला रस्त्याकडेला ठेवलेल्या जागेत) बाजूला व्हा.

वीज, पाणी, स्वयंपाक

३० अँपिअरच्या जोडणीवर एकूण ३,६०० वॉट मिळतात. एसीला सुमारे १,४००, मायक्रोवेव्हला तेवढेच, किटलीला १,५००. तिन्ही एकदम लावले की ब्रेकर पडतो. नियम सोपा आहे: मोठं उपकरण एका वेळी दोनच. कुकर गॅसवर लावा, पंखा चालू करून आणि छपराची खिडकी उघडून, नाहीतर फोडणीचा वास गाद्यांत बसतो आणि परत देताना साफसफाईचे पैसे कापले जातात.

ताटं-कढई आधी कागदाने पुसा, मगच धुवा. आमटी आणि तेल ग्रे टँकमध्ये (सिंक-शॉवरच्या पाण्याच्या टाकीत) गेलं की दुसऱ्या दिवशी वास येतो. फुल हुकअपवरसुद्धा ब्लॅक टँकचा (शौचालयाच्या टाकीचा) व्हॉल्व्ह कधीच उघडा ठेवू नका. पाणी निघून जातं, घन मळ तळाशी साचतो आणि पुढे सेन्सर कायम ‘भरलेला’ दाखवतो. दोन-तृतीयांश भरला की आधी ब्लॅक सोडा, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. हातमोजे वेगळे ठेवा, पिण्याच्या पाण्याचा पाइप तर त्याहून वेगळा.

आई चालत्या गाडीत चहा टाकायला उठणार, हे गृहीत धरा आणि निघण्याआधी थर्मास भरून द्या. चालत्या गाडीत सगळे पट्टा लावून बसलेले हवेत.

निघताना एकाने गाडीभोवती पूर्ण चक्कर मारावी: वीजवाहिनी, पाण्याचा पाइप, पायरी, छपरावरच्या खिडक्या, ऑनिंग (बाजूला उघडणारं कापडी छत). ऑनिंग तर रोज झोपण्यापूर्वीच गुंडाळा, किनाऱ्यावरचा वारा ती एका झटक्यात वाकवतो.

परतीचा रस्ता आणि हिशेब

बँडनहून महामार्ग ४२एस ने कोकिल, तिथून ४२ ने रोझबर्गकडे, आणि पुढे आय-५ या मोठ्या महामार्गाने पोर्टलँड. सगळं मिळून २६५ मैलांच्या आसपास, म्हणून वाटेत एक जास्तीची रात्र ठेवलेली बरी. वेळ कमी असेल तर हनीमननंतरच रीड्सपोर्टहून महामार्ग ३८ धरा. उम्पक्वा नदीच्या काठचा सोपा रस्ता आहे आणि गाव सोडताच डीन क्रीकला एल्कचे (मोठ्या हरणांचे) कळप चरताना दिसतात. ब्रुकिंग्जपर्यंत जायचं असेल तर आणखी दोन रात्री वाढवा. तिथले बोर्डमन पार्कचे कडे अप्रतिम आहेत, पण थांब्यांची पार्किंगं बहुतेक लहान.

पूर्ण फेरी सुमारे ६३५ मैल. गॅलनला आठ मैल धरले तर ८० गॅलन लागतात, ९० चं बजेट करा. भाड्यात मैल मोजून आकारणी असेल तर ७०० मैल आधीच घ्या.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आणि रोज सकाळी ओरेगॉनच्या परिवहन विभागाचं ‘ट्रिपचेक’ हे रस्त्यांची स्थिती सांगणारं संकेतस्थळ बघा. १०१ वर दरडी कोसळतात. वळसा आला तर तो लहान गाडीला चालणाऱ्या गल्लीतून नाही ना, हे रस्त्यावर जायच्या आधी तपासा. आणि स्वेटर घ्या: पोर्टलँडमध्ये ३५ अंश सेल्सिअस असताना किनाऱ्यावर १७ असतात.