बँकेतील ठेव आणि व्याज : या चुका टाळा

ठेवींच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुकांच्या मुळाशी एक जुनी समजूत असते, ती अशी की आपण भरलेले पैसे बँकेने आपल्या नावाने बाजूला काढून ठेवलेले आहेत. लॉकरमधले दागिने आपलेच राहतात, हे खरे. पण खात्यात भरलेली रक्कम कायद्याने बँकेची होते, ठेवीदार बँकेचा धनको ठरतो आणि त्याच्याकडे उरतो तो रक्कम परत मिळण्याचा हक्क. त्यामुळे ठेव ठेवणे म्हणजे बँकेला कर्ज देणे होय, आणि कर्ज देणाऱ्याने जेवढी चौकशी करायला हवी, तेवढी ठेवीदारानेही केली पाहिजे.

हीच समजूत पुढे पैशाच्या पुरवठ्याविषयीच्या गैरसमजालाही जन्म देते. नोटा बँकेत भरल्या म्हणजे देशातील पैसा वाढला, असे अनेकांना वाटते. वस्तुतः रिझर्व्ह बँक ज्याला ‘एम-३’ म्हणते, त्या व्यापक पैशात लोकांच्या हातातील चलन आणि बँकांतील ठेवी हे दोन्ही मोजले जातात; म्हणून रोख रक्कम खात्यात भरल्याने त्याच पैशाचे केवळ रूप बदलते. २०१६ च्या नोटाबंदीत १५.४१ लाख कोटी रुपयांच्या नोटा बाद झाल्या आणि त्यांपैकी १५.३१ लाख कोटींच्या परत आल्या, म्हणजे हातातले चलन मोठ्या प्रमाणावर ठेवींमध्ये बदलले. नवा पैसा मुख्यतः निर्माण होतो तो कर्जातून. बँकेने १० लाखांचे कर्ज मंजूर करून ते कर्जदाराच्या खात्यात जमा केले की तेवढी नवी ठेव तयार होते आणि मुद्दल फिटत जाते तसतशी ती नाहीशी होते. मात्र या निर्मितीला भांडवलाच्या अटींची, कर्जदाराच्या परतफेडीच्या क्षमतेची आणि रिझर्व्ह बँकेकडे ठेवाव्या लागणाऱ्या रोख राखीव प्रमाणाची मर्यादा असते. नोव्हेंबर २०२५ अखेर हे प्रमाण ठेवींच्या ३ टक्क्यांवर आले. त्यामुळे सर्व ठेवीदारांनी एकाच दिवशी पैसे मागितले, तर कोणतीही बँक ते देऊ शकणार नाही, आणि म्हणूनच ठेव विम्याची गरज पडते.

विम्याच्या बाबतीत तर विशेष काळजी घ्यायला हवी. ४ फेब्रुवारी २०२० पासून ठेव विमा व पत हमी महामंडळाचे संरक्षण १ लाखावरून ५ लाख रुपयांपर्यंत वाढले. पण ही मर्यादा प्रत्येक खात्याला नसून एका बँकेतील एका ठेवीदाराला आहे आणि तिच्यात मुद्दल व व्याज दोन्ही धरले जातात. ४ लाख ८० हजार मुद्दल आणि त्यावर ४० हजार व्याज झाले असेल, तर २० हजार रुपये विम्याबाहेर राहतात. एकाच बँकेच्या दोन शाखांत पैसे विभागून ठेवल्याने काहीही साध्य होत नाही, कारण त्या रकमांची बेरीज केली जाते. विभागायचेच असेल तर वेगवेगळ्या बँकांत विभागावे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त १,००० रुपये काढता येत होते. त्यानंतर २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांच्या आत विम्याची रक्कम मिळण्याची तरतूद झाली.

महाराष्ट्रातील वाचकांनी याहून मोठी एक चूक टाळायला हवी. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली असते, आणि तिच्यातील ठेवींना या महामंडळाचा विमा लागू नसतो. एक-दोन टक्के जास्त व्याजासाठी निवृत्तीची सगळी पुंजी तिथे ठेवणे, संस्था कितीही ओळखीची असली तरी, योग्य नाही.

व्याज तपासताना दर आणि परतावा यांची गल्लत होते. ७ टक्के दराने, तिमाही चक्रवाढीने १ लाखाचे पाच वर्षांत सुमारे १,४१,४७८ रुपये होतात. वाढीव रकमेला पाचने भागून कोणी ‘८.३० टक्के परतावा’ अशी जाहिरात केली, तर ती आकड्यांनी खोटी नसली तरी दिशाभूल करणारी आहे. वार्षिक प्रभावी दर सुमारे ७.१९ टक्केच असतो. उलट, याच दराने मासिक व्याज घेणाऱ्याला दरमहा ५८३ ऐवजी सुमारे ५८० रुपये मिळतात. त्यात बँकेची चूक नसते, कारण तिमाहीचे व्याज आधी दिले जात असल्याने त्याचे मूल्य थोडे कमी करून दिले जाते.

मुदतीपूर्वी ठेव मोडली तर करारातला दर मिळत नाही. ठेव प्रत्यक्षात जितका काळ राहिली, त्या काळाचा दर लागतो, त्यातून बहुधा अर्धा ते एक टक्का दंड वजा होतो आणि आधी दिलेले जादा व्याज मुद्दलातून वळते केले जाते. थोड्या दिवसांची गरज असेल, तर ठेवीवर कर्ज घेणे पुष्कळदा स्वस्त पडते; दोन्हींचा हिशेब बँकेकडून लेखी मागावा.

मुदत संपलेली ठेव तशीच पडू देऊ नये. नूतनीकरण झाले नाही, तर बचत खात्याचा किंवा करारातला, यांपैकी जो कमी असेल तो दर लागतो. दहा वर्षे दावा न झालेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते. ती नंतरही वारसांना बँकेमार्फत परत मिळू शकते आणि तिचा शोध ‘उद्गम’ या पोर्टलवर घेता येतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका ठेवीवर चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते, परंतु नामनिर्देशित व्यक्ती ही रक्कम स्वीकारणारी विश्वस्त असते. मालकी वारसाहक्काच्या कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते.