खोल समुद्रात अनोळखी पक्षी दिसला तर : ओळख आणि नोंद कशी करावी

मालवणहून निघालेल्या होडीला किनारा दिसेनासा झाला की घारी आणि बगळे मागे राहतात. पुढे भेटतात ते जमिनीवर फक्त विणीपुरते येणारे पक्षी. थेट अंटार्क्टिकाकडून आलेला विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल, जपान-कोरियाच्या बेटांवर वाढलेला स्विनहोज स्टॉर्म पेट्रेल, येमेनच्या सोकोत्रा बेटावर घरटं करणारा जुआनिन्स पेट्रेल. आपल्या किनाऱ्यापासून दूरच्या नोंदी अजून फार थोड्या आहेत. म्हणून तिथे दिसलेला प्रत्येक पक्षी नीट टिपून ठेवायला हवा.

निघण्याआधी

जून-जुलैत मासेमारी बंदी असते आणि समुद्रही खवळलेला असतो. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा काळ चांगला. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा पाहिल्याशिवाय आणि लाइफ जॅकेटशिवाय निघू नका. दुर्बीण आठपटीची घ्या. दहापटीची होडीच्या हेलकाव्यांत फार हलते. फोनच्या घड्याळाचा कॅमेऱ्याने एक फोटो काढून ठेवा. नंतर प्रत्येक फोटोची नेमकी वेळ त्यावरून लावता येते आणि फोनवर जीपीएसने होडीचा मार्ग नोंदवत ठेवला असेल तर जागाही कळते.

तांडेलकाकांना, म्हणजे होडी हाकणाऱ्यांना, आपण काय शोधतोय ते आधीच सांगा. त्यांची नजर आपल्यापेक्षा कितीतरी तयार असते. जाळं ओढणाऱ्या ट्रॉलरमागे टाकाऊ मासळीवर पक्षी जमतात, आणि असा ट्रॉलर कुठे असेल हेही त्यांनाच ठाऊक असतं.

पक्षी दिसताच

"ता बघा, काळा पाखरू!" अशी हाक आली की प्रश्न पडतो, कुठे? म्हणून होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, म्हणजे बारा वाजले असं आधीच ठरवून घ्या आणि "तीन वाजता, पाण्यालगत" अशी दिशा सांगा. एकटे असाल तर आधी कॅमेरा उचला. शटर १/२००० च्या आसपास आणि एक्स्पोजर थोडं वाढवलेलं ठेवा, नाहीतर चमकत्या पाण्यावर गडद पक्षी नुसता काळा ठिपका होतो. स्क्रीनवर फोटो बघत बसू नका. पक्षी आहे तोवर पक्ष्याकडेच बघा. ऊन पाठीशी येईल अशी होडी वळवता आली तर उत्तम, पण पक्ष्याचा पाठलाग करू नका.

नेमकं काय बघायचं

समजा, बुलबुलापेक्षाही लहान अंगाचा गडद पक्षी पाण्याला चिकटून उडतोय. तो स्टॉर्म पेट्रेल असावा. आता नजर शेपटीच्या मुळाशी न्या. तिथे पांढराशुभ्र पट्टा असेल, पाय शेपटीच्या टोकाबाहेर आलेले असतील आणि पक्षी पंख उचलून पाण्यावर पावलं टाकत नाचत असेल, तर विल्सन्सची शक्यता मोठी. फोटो जवळून मिळाला तर बोटांमधला पिवळा पडदाही दिसतो. पट्टा नसेल, शेपटी दुभंगलेली असेल आणि पाय बाहेर दिसत नसतील तर स्विनहोजचा विचार करा. पंखांच्या टोकाकडच्या मोठ्या पिसांच्या दांड्या मुळाशी पांढुरक्या आहेत का, ते फोटोत तपासा. पंखावरच्या फिकट पट्ट्यावर मात्र विसंबू नका, तो दोघांनाही असतो.

मोठा, पूर्ण गडद पक्षी असेल तर आधी चोच बघा. गुलाबी चोच, काळं टोक आणि गुलाबी पाय म्हणजे फ्लेश-फूटेड शिअरवॉटर. गडद, सडपातळ चोच आणि लांब शेपटी असेल तर वेज-टेल्ड. त्याहून लहान पक्षी, आखूड, जाड, काळी चोच असेल तर जुआनिन्स पेट्रेल असू शकतो.

पुस्तक उघडण्याआधी वही

ही पायरी मी सगळ्यात महत्त्वाची मानतो. चित्र पाहिलं की आपण न पाहिलेल्या खुणाही पाहिल्यासारख्या वाटू लागतात. माझ्या सुरुवातीच्या एका फेरीत मी वहीत फक्त पक्ष्याचं नाव लिहिलं. पुढे नोंद तपासणाऱ्याने विचारलं, पाय शेपटीबाहेर होते का? मला सांगता आलं नाही आणि ती नोंद गेली. त्यामुळे आधी लिहा: वेळ, जागा, अंदाजे अंतर, उजेड, आकार कशाच्या तुलनेत, उडण्याची पद्धत, किती वेळ दिसला. जे दिसलं नाही तेही लिहा: "पाय दिसले नाहीत." सोबत्यांनीही आपापलं टिपण वेगळं लिहावं, चर्चा नंतर.

नोंद चढवताना

किनाऱ्यापासून साधारण तीन किलोमीटरपलीकडे ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी चढवण्याच्या संकेतस्थळावर, 'पेलॅजिक' (खोल समुद्रातली नोंद) हा प्रकार निवडा आणि यादी तासाभरात बंद करून नवी सुरू करा. आठ नॉट वेगाची होडी तासात जवळपास पंधरा किलोमीटर जाते. दिवसभराची एकच यादी केली तर पक्षी नेमका कुठे होता हे हरवतं. अंधुक फोटोही जोडा, कारण शेपटीचा आकार त्यातही कळू शकतो. मूळ फाइली जपून ठेवा.

नाव ठरतच नसेल तर 'स्टॉर्म पेट्रेल, प्रजाती अनिश्चित' अशीच नोंद करा आणि वहीतलं वर्णन जसंच्या तसं खाली उतरवा. पुढे कुणी जाणकाराने फोटोवरून प्रजाती ओळखली, तर तीच नोंद दुरुस्त करता येते.