फ्लाय-लाइन बदलायची वेळ कशी ओळखाल? या चुका टाळा

कोकणात खाडीवर तंगुसाला गरी बांधून मासे धरणाऱ्याला फ्लाय-फिशिंग आधी उलटंच वाटतं. तंगूस टाकताना वजन असतं शिशात, दोरी त्याच्यामागून जाते. इथे पिसांच्या बनावट माशीला वजनच नसतं. फेकायची असते ती लाइन, आणि माशी तिच्यामागून जाते. म्हणून लाइन थकली की रॉड कितीही चांगला असो, कास्ट, म्हणजे फेक, अर्ध्यात गळून पडतो.

तरी हौसेने रॉड घेणारी मंडळी लाइन तुटेपर्यंत तिच्याकडे बघत नाहीत. आणि ती सहसा तुटत नाही, हीच खरी गोम आहे. ताकद असते आतल्या नायलॉनच्या गाभ्यात. फेकायला लागणारं वजन, टोकाकडचा निमुळता आकार आणि पाण्यावर तरंगणं हे सगळं वरच्या लेपाचं काम. हा लेप बहुतेक लाइनींना पीव्हीसीचा असतो. तो आधी मरतो आणि गाभा शाबूत राहतो. त्यामुळे मेलेली लाइनही मासा ओढून आणते आणि आपण फसतो.

दुसरी चूक वर्षं मोजण्याची. वर्षातून पाच-सहा दिवस वापरलेली, नीट ठेवलेली लाइन चार-पाच वर्षं सहज जाते. रोज पाण्यावर असणाऱ्या गाइडची एका हंगामात संपते. खरेदीच्या तारखेवरून काही ठरत नाही, हाताने बघावंच लागतं.

सगळ्यात जास्त लाइनी विनाकारण फेकल्या जातात त्या मळामुळे. हिमाचलातल्या तीर्थन नदीवर मे महिन्यात बर्फाचं पाणी येतं, तेव्हा त्यात बारीक रेव असते. एका दुपारी माझ्या लाइनीचं टोक सारखं बुडायला लागलं. कास्ट सुटताना रॉडवरच्या कड्यांमधून खरखर ऐकू येत होती. लाइन गेली असंच मी धरून चाललो होतो. रात्री मुक्कामाच्या ठिकाणी कोमट पाण्याची बादली घेतली, त्यात बेबी शाम्पूचे चार थेंब टाकले, पुढची चाळीस फूट लाइन सैल वेटोळी करून भिजवली. दहा मिनिटांनी ती पांढऱ्या सुती फडक्यातून ओढली तर फडक्यावर काजळासारखी काळी रेघ उमटली. दुसऱ्यांदा ओढल्यावर रेघ राखाडी झाली, चौथ्यांदा फडकं स्वच्छ राहिलं. सकाळी तीच लाइन पाण्यावर बदकासारखी तरंगत होती. तेव्हापासून माझा नियम ठरला आहे: आधी धुवायची, मगच निकाल द्यायचा.

धुताना कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा कडक साबण वापरू नका, त्याने लेपातला वंगणाचा अंशही निघून जातो. साध्या पाण्यातून काढा, सावलीत वाळवा, मग लाइन ड्रेसिंगचा, म्हणजे लाइनीला लावायच्या वंगणाचा, अगदी पातळ हात द्या.

धुतल्यावर खरी तपासणी. उजेडात बसा आणि पुढची तीस-चाळीस फूट लाइन अंगठ्याच्या नखावरून हळूहळू सरकवा. नख अडखळलं की थांबा. तेवढा भाग बोटांत धरून छोटा फास करा. उन्हाळ्यात शेताला पडतात तशा बारीक भेगा वाकणावर उघडतील. भेगांतून पाणी आत शिरतं आणि टोक बुडतं, याला कुठलंही ड्रेसिंग औषध नाही. भेगा फक्त टोकाच्या फूट-दीड फुटात असतील तर तेवढं कापून लीडर, म्हणजे लाइन आणि माशी यांच्यामधला पातळ धागा, नेल नॉट नावाच्या गाठीने पुन्हा बांधा. त्याहून जास्त कापायचा मोह टाळा. लाइनींना वजनाप्रमाणे नंबर असतात; ५ नंबरच्या लाइनीच्या पहिल्या तीस फुटांचं वजन १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम ठरलेलं असतं. आकार आणि वजन बिघडलं की रॉड नीट वाकत नाही.

वेटोळी पडतात म्हणून लाइन बाद करणारेही भेटतात. थंडीत रीलवर घट्ट बसलेली लाइन स्प्रिंगसारखी होणारच. दोघांनी दोन टोकं धरून हलकेच ताणा. सरळ राहिली तर काही बिघडलेलं नाही. ताणूनही वेटोळी परत येत असतील आणि लाइन हाताला ताठ, कोरडी लागत असेल, तर लेपाला मऊ ठेवणारं द्रव्य संपलं आहे. ती बदला.

हे द्रव्य आपणच घालवतो. कीटक पळवणाऱ्या काही मलमांत डीट असतं आणि ते प्लास्टिक विरघळवतं. ते आणि सनस्क्रीन चोळलेल्या हातांनी लाइन धरू नका, हात धुऊन घ्या. एप्रिलमध्ये पुण्या-नागपुरात गाडीच्या डिकीत रील विसरलात तरी तेच होतं.

नवी लाइन घेण्याआधी दोन गोष्टी बघाच. जुनी डबल टेपर, म्हणजे दोन्ही टोकांना सारखीच निमुळती, असेल तर रीलवरून काढून उलटी भरा, मागचा निमुळता भाग कोरा निघतो. वेट-फॉरवर्डला, म्हणजे वजन फक्त पुढच्या भागात असलेल्या लाइनीला, ही सोय नाही. आणि रॉडच्या प्रत्येक कडीतून कान साफ करायची कापसाची काडी फिरवा. तंतू अडकले तर कडीला खाच पडली आहे. ती तशीच राहिली तर नवी लाइनही महिन्याभरात सोलेल आणि दोष लाइनीवर जाईल.

हिमाचलात ट्राउट माशाचा हंगाम १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंद असतो. ही सगळी कामं तेव्हाच उरका, आणि लाइन रीलवरून काढून मोठ्या सैल वेटोळ्यांत सावलीत टांगून ठेवा. बदललेली जुनी लाइन टाकून देऊ नका. मैदानावर कास्टिंगचा सराव त्याच लाइनीने करा, गवत आणि माती नव्या लेपाला खरवडून टाकतात.