फॅन फिक्शनमधल्या प्राण्याचं नाव: आधी ठरवा, ते ठेवलं कोणी

फॅन फिक्शन म्हणजे आवडत्या कथेच्या जगात चाहत्यानं रचलेली नवी गोष्ट. त्या मूळ कथेच्या जगात आपला नवा लांडगा किंवा नवा बैल आणायचा असेल, तर नाव शोधायला बसण्याआधी एक गोष्ट ठरवा. कथेत हे नाव कोणी ठेवलं, माणसानं की कळपानं? माणूस कधी न पाहिलेल्या लांडग्याचं नाव 'राजा' निघालं की वाचक तिथंच अडखळतो.

माणसानं ठेवलं असेल तर गोठ्यात जा. विदर्भातल्या खेड्यात बैलाचं नाव बहुतेक वेळा अंगावरून पडतं. पांढरा तो ढवळ्या, पोवळ्यासारखा तांबूस तो पवळ्या, कपाळावर ठिपका असलेला चांद्या, शेपूट तुटलेला बांड्या. हाक धुऱ्यावरून मारायची असते, म्हणून नाव दोन-तीन अक्षरांचं आणि शेवटचा स्वर लांबवता येईल असं. ठरवलेल्या नावानं तीनदा मोठ्यानं हाक मारून पाहा. 'शुभ्रकांत' म्हणताना हाक मध्येच तुटते, आणि वखराला जुंपलेल्या बैलाला त्या नावानं कोणी हाकतही नाही.

कळपानं ठेवलेलं नाव वेगळं. तिथं वास, चाल, पाणवठ्यावरची जागा आधी येते, रंग नंतर. रंग घ्यायचाच तर तो नीट माहीत हवा, कारण चुका इथंच जास्त होतात. रोह्याचंच, म्हणजे नीलगाईचंच बघा. पूर्ण वाढलेला नर निळसर करडा असतो, मादी आणि पिल्लं मात्र तांबूस भुरी. नर पिल्लूही आधी भुरंच असतं, वाढत्या वयात गडद होत जातं. त्यामुळे जन्मताच 'निळ्या' नाव ठेवलं तर ते खोटं ठरतं, आणि मादीला 'निळी' तर कधीच शोभत नाही. पिल्लाला 'भुऱ्या' म्हणा आणि रंग पालटला की कळपाकडून नवं नाव द्या. त्या नामकरणाचा एक चांगला प्रसंगही हाताशी येतो.

खूण त्या एकाच प्राण्याची हवी. अस्वलीला 'काळी' किंवा 'झिपरी' म्हणून उपयोग नाही, आपल्या जंगलातली सगळीच अस्वलं काळी आणि झिपरी असतात. कान फाटलेला असेल तर 'कानफाटी' चालेल. एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं, हे अस्वलालाही लागू. नावात एकच खूण कशी धरावी, हे पंचतंत्रात फार सुरेख साधलंय: संथ कासव मंथरक, चित्रविचित्र मानेचं कबुतर चित्रग्रीव, हलकं उडणारा कावळा लघुपतनक. एकेकाची एकच खूण धरली आहे.

आता मूळ कथेकडे वळा. तिथली किमान 15-20 नावं वहीत उतरवा. नाव एकेरी आहे की जोडशब्द, वय किंवा मान वाढला की बदलतं का, हे बघा आणि तोच साचा पाळा. जोडनावं मराठीत आणत असाल तर सगळीच आणा. 'राखपंजा'च्या शेजारी 'शॅडो' बसला की जग दुभंगतं. मूळ नायकाच्या नावाचा तुकडा उचलू नका. ताडोबातल्या माया, वाघडोह यांसारखी खऱ्या वाघांची नावंही टाळा, कारण वाचकाच्या डोळ्यांसमोर तोच वाघ उभा राहतो.

मराठीत लिंगाचीही अडचण येते. खार ती, मुंगूस ते, घुबड ते. नर खारीला 'ठुमक्या' म्हटलंत तर पुढं 'तो' आणि 'ठुमक्या' एवढंच वापरा. मध्येच 'खार पळाली' आलं की वाचकाला दुसरीच खार आली असं वाटतं. नावाला ने, ला, चा लावूनही बघा: ठुमक्याने, ठुमक्याला, ठुमक्याचा. बोलताना जीभ अडखळली तर नाव बदला.

शेवटी सगळी नावं एकाखाली एक लिहा. चांद्या, चिंगी आणि चित्रू एकाच कळपात असतील तर भरभर वाचताना त्यांची सरमिसळ होते. एका प्रसंगातल्या पाच प्राण्यांची पाच नावं पाच वेगळ्या अक्षरांनी सुरू होऊ द्या.