हॉट रॉड रुसली की आधी काय तपासायचं?

हॉट रॉड म्हणजे वेगासाठी फेरफार केलेली जुनी गाडी: १९३२ ची फोर्ड, कापून बसकं केलेलं छप्पर, पुढे बारीक टायर, मागे रुंद टायर आणि बॉनेटखाली फ्लॅटहेड व्ही-८, म्हणजे फोर्डचं जुनं आठ सिलिंडरचं इंजिन. बरेच जण तिथे शेवरलेटचं ३५० घन इंचाचं इंजिनही बसवतात. दक्षिण कॅलिफोर्नियात म्युरॉक आणि एल मिराजच्या कोरड्या तळ्यांवर पोरं जुन्या फोर्ड हलक्या करून पळवायची, तिथून हा नाद अमेरिकाभर पसरला. आज जुन्या वळणाची पण नव्याने बांधलेली हॉट रॉड विकतही मिळते. अडचण अशी की तिची चासी एका गाडीची, इंजिन दुसरीचं आणि स्टेअरिंग तिसरीचं असतं. सगळे पार्ट ठणठणीत असूनही ती भर चौकात बंद पडते, कारण घोळ बहुधा जोडणीत असतो. म्हणून पार्ट बदलायची घाई नको. आधी मोजायचं, मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळतच नाही.

मल्टिमीटर, इन्फ्रारेड थर्मामीटर, कमी दाब दाखवणारा फ्युएल गेज आणि टायमिंग लाइट (ठिणगी वेळेवर पडते का ते दाखवणारा दिवा) एवढं जवळ हवं. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबू नका, स्टँड लावाच.

पहिलं काम अर्थिंगचं. सेल्फ जड फिरतो, दिवे मंद होतात, काटे उगाच नाचतात, यातलं बरंचसं अर्थिंगमुळे होतं. फायबरग्लासच्या बॉडीतून करंट जात नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला अर्थची वेगळी वायर लागते. चासीवर जाड पेंट असेल तर बोल्टखालची जागा घासून लोखंड उघडं करा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक इंजिन ब्लॉकला आणि दुसरं बॅटरीच्या अर्थ टर्मिनलला लावा, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं की अर्थची केबल किंवा तिचा जोड खराब. बॅटरी डिकीत असेल तर केबल चांगली जाड हवी. मूळची ६ व्होल्टची यंत्रणा ठेवली असेल तर आणखी जाड, कारण तेवढ्याच कामाला तिथे दुप्पट करंट लागतो. जुन्या फोर्डमध्ये बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक अर्थला असायचं, हेही ध्यानात ठेवा.

आता गाडी तापण्याबद्दल. फ्लॅटहेडचा हा जन्मजात स्वभाव आहे: जळालेला गॅस ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या जागेला चिकटूनच बाहेर पडतो. आधी काट्यावर विश्वास ठेवू नका. पाणी इंजिनातून बाहेर पडतं तिथे थर्मामीटर रोखा. १८० ते २०० अंश फॅरनहाइट असेल तर गाडी ठीक आहे, काटा खोटं बोलतोय. खरंच तापत असेल तर ती कधी तापते ते बघा. सिग्नलवर तापते आणि वेग घेतला की उतरते, म्हणजे हवा कमी पडते. फॅन उलटा फिरतोय का, त्याला श्राउड (हवा रेडिएटरमधूनच खेचायला लावणारं आवरण) आहे का, जाळीपुढे हॉर्न आणि दिव्यांची गर्दी झालीय का, हे तपासा. उलट हायवेवर तापत असेल तर पाणी नीट फिरत नाही: रेडिएटर चोंदलाय, खालचा होस वेगात आत खेचला जाऊन चपटा होतोय किंवा टायमिंग मागे आहे, म्हणजे ठिणगी उशिरा पडते.

फ्लॅटहेडच्या पोटात गंज आणि ओतकामाची वाळू वर्षानुवर्षं पडून असते. गाडी थंड असताना वरचे दोन्ही होस काढा, रेडिएटरच्या तोंडाशी नायलॉनच्या स्टॉकिंगचा तुकडा आत खोचून होस पुन्हा आवळा आणि थोडं फिरून या. थंड झाल्यावर उघडलं की तांबडा गाळ हाती येतो. गाळ येणं थांबेपर्यंत हे करत राहायचं, नाहीतर नव्या रेडिएटरचीही तीच गत होते. रेडिएटर मूळचा जुना असेल तर जास्त दाबाचं झाकण लावू नका, सांधे उकलतात.

पेट्रोलचे दोन वेगळे रोग आहेत. काळा धूर, पेट्रोलचा वास आणि कार्बोरेटरच्या गळ्यात थेंब पडताना दिसले तर दाब जास्त आहे. स्ट्रॉमबर्ग ९७ या जुन्या कार्बोरेटरला अडीच-तीन पीएसआय (दाबाचं एकक) पुरतात. बाजारातले बरेच इलेक्ट्रिक पंप त्याच्या दुप्पट दाब देतात आणि पेट्रोल अडवणारी फ्लोटची नीडल मागे ढकलली जाते. रेग्युलेटर लावा, पण दाब गेजवर बघूनच ठरवा, त्याच्या खुणांवर जाऊ नका.

दुसरा रोग असा: गाडी गरम असताना दहा मिनिटं थांबवली की पुन्हा चालू होत नाही. सगळे लगेच व्हेपर लॉक, म्हणजे पाइपात पेट्रोलची वाफ होऊन ते अडलं, असं म्हणून मोकळे होतात. इंजिन बंद ठेवून एअर क्लीनर काढा आणि थ्रॉटल हाताने ओढा. आत पेट्रोलची पिचकारी उडाली तर पेट्रोल पोचतंय. मग संशय ठिणगी तयार करणाऱ्या कॉइलवर आणि कंडेन्सरवर. दोन्ही गरम झाले की दगा देतात आणि थंड झाले की साळसूद होतात. पिचकारी नसेल तरच पाइप एक्झॉस्टपासून लांब न्या आणि कार्बोरेटरखाली जाड इन्सुलेटिंग स्पेसर घाला. पाइपला लाकडी चिमटे लावायचा जुना तोडगा मला तरी निव्वळ शोभेचा वाटतो.

चाकांची थरथर मात्र अंगावर काटा आणते. ताशी ४०-५० मैलांवर एखादा खड्डा लागतो आणि अख्खं स्टेअरिंग हातात नाचू लागतं. पुढचं चाक उचला, वरून-खालून धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर बेअरिंग ढिलं, राहिला तर किंगपिन (चाक ज्यावर वळतं तो खिळा) झिजलंय. हे ठीक असेल तर कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कोन, मोजा. सरळ अ‍ॅक्सलला ५ ते ७ अंश लागतात. गंमत अशी की गाडी देखणी दिसावी म्हणून पुढून खाली आणि मागून वर केली की ती जितके अंश झुकते तितके अंश कॅस्टर कमी होतो. कारागिराने चासी सपाट ठेवून बरोबर बसवलेला कॅस्टर मोठे मागचे टायर चढवल्यावर बिघडतो. म्हणून गाडी रस्त्यावर उभी राहते तशीच उभी करून मोजा. टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांचा पुढून आत असलेला कल, साधारण एक अष्टमांश इंचापर्यंत पुरतो. नुसता स्टेअरिंग डॅम्पर (थरथर दाबणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर) लावणं म्हणजे दुखणं झाकणं.

ब्रेकचं पेडल पहिल्यांदा खोल जातं आणि दोन-तीनदा मारल्यावर कडक होतं का? ड्रम असतील तर आधी शू अ‍ॅडजस्ट करा, मग हवा काढा. एवढं करूनही तेच, आणि मास्टर सिलिंडर फ्लोअरखाली असेल, तर ऑइल मागे उतरतंय. लाइनमध्ये थोडा दाब राखून ठेवणारा रेसिड्युअल व्हॉल्व्ह हवा: डिस्कला २ पीएसआयचा, ड्रमला १० चा. काही मास्टर सिलिंडरमध्ये तो आतच असतो, दुसरा घालू नका. डिस्कच्या लाइनवर चुकून १० चा बसला तर पॅड सुटत नाहीत आणि चाक तापतं. पेडलपासून मास्टर सिलिंडरला ढकलणाऱ्या पुशरॉडला किंचित मोकळीक नसेल तरीही तसंच होतं, म्हणून पॅड बदलण्याआधी पेडल हाताने हलवून ती मोकळीक जाणवते का बघा.