मॉडेलच्या लोखंडी भागांना खरा गंज चढवताना

भागाला आधी लोहचुंबक लावून पाहा. पितळेच्या शिड्या-जाळ्या आणि व्हाइट मेटलचे (कथिलासारख्या मऊ मिश्रधातूचे) ओतीव भाग चिकटत नाहीत, ते गंजणारही नाहीत. त्यांवर मॅट ॲक्रिलिकमध्ये लोखंडाची बारीक पूड कालवून लावा, वाळली की पुढची कृती तीच.

साखळीवर तेल किंवा जस्त असतं, डब्याच्या पत्र्यावर कथिल. 400 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून चकचकीत लोखंड उघडं करा आणि भांड्यांच्या साबणाने धुवा. मग चिमट्यानेच उचला, कारण बोटाचा तेलकट ठसा गंजात तसाच उमटतो.

मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड 6 टक्क्यांचं असेल तर 50 मिली घेऊन त्यात तेवढंच पाणी घाला. वर 12 मिली पांढरं व्हिनेगर आणि 2 ग्रॅम मीठ. भांडं काचेचं हवं, हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा, खिडकी उघडी. उरलेलं मिश्रण बाटलीत बंद करून ठेवू नका. वायू सुटत राहतो आणि बाटली फुटू शकते.

बारीक तुषार मारा, पूर्ण वाळू द्या, मऊ ब्रशने सुटी भुकटी झटका. असं तीन-चार वेळा. घाईत जास्त ओलं केलंत तर थेंबाभोवती नारिंगी कडी उठतात आणि गंज खरबरीत होतो. 1:72 प्रमाणाच्या मॉडेलवर 0.1 मिमीचा कण म्हणजे 7 मिमीची खपली, नजरेला लगेच खटकते.

आता रंग. ताजा गंज भडक नारिंगी असतो, पण मुंबईच्या दारूखाना भागात तोडायला आलेल्या जहाजाचा जुना पत्रा गडद तपकिरी दिसतो. नारिंगी ओघळ फक्त सांध्यांखाली. तो गडदपणा हिरडा देतो. 5 ग्रॅम पूड 100 मिली गरम पाण्यात भिजवून गाळा. त्यातलं टॅनिन गंजाशी मिळून काळपट होतं. पाणी फार दाट असेल तर भाग शाईसारखा काळा पडतो, म्हणून पातळ हात द्या आणि सांधे सोडा.

मात्र हिरड्याआधी मीठ निघालंच पाहिजे. चमचाभर खाण्याचा सोडा 100 मिली पाण्यात विरघळवून त्यात भाग पाच मिनिटं बुडवा, मग दोनदा साध्या पाण्याने धुवा. मीठ राहिलं तर मुंबईच्या दमट हवेत ते ओल धरतं, शेवटी मारायच्या लॅकरखाली (पारदर्शक थराखाली) गंज वाढत राहतो आणि थर पापुद्र्यासारखा उचलला जातो.

हेअर ड्रायरने सुकवून लगेच मॅट लॅकर मारा. पावसाची झड लागली असेल तर थांबा, दमट हवेत लॅकर पांढरट पडतं. लॅकरने गंजाची छटाही थोडी गडद होते. पत्र्याच्या तुकड्यावर आधी पाहून घ्या.