दुर्बीण निवडताना आणि वापरताना

दुकानात दुर्बीण हातात घेतली की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "किती लांबचं दिसतं?" हा प्रश्न सोडून द्या. ३ लाख ८४ हजार किलोमीटरवरचा चंद्र नुसत्या डोळ्यांनीही दिसतोच की! विचारायचं ते असं: किती मोठं दिसतं, आणि किती उजळ?

उत्तर दुर्बिणीवरच छापलेलं असतं. ८×४२ म्हणजे वस्तू आठपट मोठी दिसते आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर आहे. आता ४२ ला ८ ने भागा. सव्वापाच मिलिमीटर ही डोळ्याजवळ बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची जाडी. लख्ख उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे दिवसा खिशात मावणारी ८×२५ सुद्धा छान चालते. पहाटे किंवा तिन्हीसांजेला बाहुली मोठी होते आणि तीच दुर्बीण अंधूक वाटू लागते. पक्षी तर नेमके याच वेळी जास्त दिसतात.

मोठ्या आकड्याचा मोह आवरा. दहापट मोठं दिसतं तेव्हा हाताची थरथरही दहापट होते, शिवाय एका वेळी दिसणारा परिसर आक्रसतो. पहिली दुर्बीण ८×४२ घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. बारापटीच्या पुढे तिपाई लागतेच. आकड्यांची चढाओढ करणाऱ्या स्वस्त झूम दुर्बिणींच्या वाटेला जाऊ नका.

पैसे देण्याआधी दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा. डोळ्याकडच्या भिंगांत दोन उजळ ठिपके दिसतील. ते पूर्ण गोल हवेत. कडा कापल्यासारख्या असतील तर आतल्या लोलकांत कसर केली आहे असं समजा. चष्मा असेल तर डोळा भिंगापासून किमान १५ मिलिमीटर दूर ठेवूनही सगळं चित्र दिसतं का, ते पाहा. आणि गळ्यात अडकवून जरा फिरा. पाऊण किलोचं वजन तासाभराने मानेला कळतं.

आता जुळवणी. इथेच सगळे घाई करतात आणि मग डोकं दुखतं म्हणून दुर्बिणीला नावं ठेवतात.

१. दोन्ही नळ्या जवळ-दूर करून दोन वर्तुळांचं एकच वर्तुळ करा.

२. डोळ्याकडचे रबरी कप चष्मा असेल तर आत, नसेल तर बाहेर.

३. उजव्या बाजूचं पुढचं भिंग हाताने झाका. दूरची एखादी पाटी घ्या आणि मधलं चाक फिरवून ती डाव्या डोळ्याला स्पष्ट करा.

४. आता डावं झाका. मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. काही दुर्बिणींत ही कडी दुसरीकडे असते. ती कुठल्या खुणेवर थांबली ते लक्षात ठेवा. यापुढे फक्त मधलं चाक.

पक्षी दिसला की नजर त्याच्यावरच खिळवून दुर्बीण डोळ्यांपाशी आणा. खाली बघून दुर्बीण उचललीत की पक्षी हरवला. कोपरं बरगड्यांना टेकवा, जमलं तर भिंतीला पाठ लावा.

दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही, क्षणभरसुद्धा पाहू नका. नजर कायमची जाऊ शकते.

भिंगावर धूळ बसली तर आधी फुंकणीने उडवा, मगच मऊ कापड फिरवा. सदऱ्याच्या टोकाने पुसलंत तर धुळीचे कण लेपावर ओरखडे काढतात. दमट हवेत घरी आल्यावर दुर्बीण लगेच पिशवीत कोंबू नका, आधी सुकू द्या; एकदा भिंगावर बुरशी धरली की ती काढणं घरच्या घरी होत नाही.